डायव्हिंग सपोर्ट जहाजाचं आयुष्य पत्र्यावर नाही, चेंबरवर ठरतं

शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे: नौदलाचं ‘निरीक्षक’ हे डायव्हिंग सपोर्ट जहाज, म्हणजे डायव्हरना खोल समुद्रात उतरवून काम करून घेणारं जहाज, १९८५ साली बांधलेलं, ते इतकी वर्षं कसं वापरता आलं? जुलै २०२५ मध्ये दाखल झालेलं ‘निस्तार’ किती वर्षं चालेल? अशा जहाजाचं आयुष्य नेमकं कशावर ठरतं? आणि कोल्हापूरच्या ओतकामवाल्याला त्यात काही काम आहे का?

आधी थेट उत्तर. नौदलाचं मदतनीस जहाज साधारण २५ ते ३० वर्षं धरून बांधतात. पण डायव्हिंग सपोर्ट जहाजाला हा आकडा लावून फारसं काही कळत नाही. त्याचा सांगाडा दुरुस्त होतो, पत्रा बदलता येतो, इंजिनंही बदलता येतात. खरं वय मोजायचं ते पोटातल्या डायव्हिंग सिस्टिमचं, म्हणजे चेंबर (डायव्हरना दाबात ठेवायचं पोलादी भांडं), बेल (त्यांना खाली सोडायची बंद कुपी), गॅसच्या लाइनी, वायर रोप यांचं. त्यानंतर जहाजाला एका जागी धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचं. या दोन्हींची प्रमाणपत्रं चालू ठेवणं ज्या दिवशी परवडेनासं किंवा शक्य होईनासं होतं, त्या दिवशी जहाज म्हातारं झालं. मग तळाचा पत्रा कितीही जाड असो.

नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून थोडा इतिहास. पहिलं ‘निस्तार’ हे सोव्हिएत युनियनकडून १९६९ साली घेतलेलं पाणबुडी-बचाव जहाज. ते १९७१ मध्ये दाखल झालं आणि १९८९ मध्ये निवृत्त झालं. ‘निरीक्षक’ मुळात नौदलासाठी बांधलेलंच नव्हतं. माझगाव डॉकने ते तेलक्षेत्रातल्या डायव्हिंगच्या कामासाठी ‘समुद्र निधी’ या नावाने बांधलं. नौदलाने ते १९८९ मध्ये आधी भाड्याने आणि १९९५ मध्ये विकत घेतलं. लांबी सुमारे ७० मीटर. याच जहाजावरून २०११ मध्ये २५७ मीटर खोलीपर्यंत सॅच्युरेशन डाइव्ह झाली, म्हणजे वयाच्या सव्विसाव्या वर्षी. नवं ‘निस्तार’ विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डने बांधलं. सप्टेंबर २०२२ मध्ये ते पाण्यात उतरलं, १८ जुलै २०२५ला दाखल झालं. लांबी सुमारे ११८ मीटर, वजन १०,००० टनांच्या घरात. ३०० मीटरपर्यंत सॅच्युरेशन डायव्हिंग, बाजूच्या पाळण्यातून ७५ मीटरपर्यंतची कामं, १,००० मीटरपर्यंत जाणारी दूरनियंत्रित यंत्रं, शिवाय पाणबुडीतल्या माणसांना सोडवणाऱ्या छोट्या बचाव-पाणबुडीचं मातृजहाज, एवढी कामं त्याच्याकडे आहेत.

आता सॅच्युरेशन म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. समुद्रात दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. ३०० मीटरवर तो ३० बार जास्त. त्या दाबाखाली माणसाच्या शरीरात श्वासातला वायू विरघळत जातो आणि साधारण एका दिवसात शरीर ‘भरतं’. एकदा भरलं की तिथे एक दिवस राहा किंवा तीन आठवडे राहा, वर यायला लागणारा वेळ तेवढाच. ३०० मीटरवरून सुखरूप दाब उतरवायला अकरा दिवसांच्या आसपास लागतात. म्हणून डायव्हरना रोज वर-खाली करत नाहीत. जहाजावरच्या पोलादी चेंबरमध्ये त्यांना त्या खोलीच्या दाबात ठेवतात, बेलमध्ये बसवून कामावर खाली सोडतात आणि त्याच दाबात परत आणतात.

आपल्याकडच्या जुन्या साखर कारखान्यांतला ३२ किलोचा बॉयलर तुम्ही पाहिला असेल. तेवढ्याच दाबाच्या भांड्यात माणसं जेवतात, झोपतात, आंघोळ करतात, आठवडेच्या आठवडे. बॉयलरला गळती लागली तर कारखाना बंद पडतो, चेंबरला लागली तर आतल्यांचा जीव जातो. तपासणीतला सगळा कडकपणा या फरकातून आलेला आहे.

सांगाड्याचं आधी उरकतो, कारण तिथे गूढ काही नाही. कारखान्यात गळीत हंगाम संपला की मिल, बॉयलर, सगळं उघडतात, तशीच जहाजाची गोदी. वर्ग संस्थेच्या, म्हणजे जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या, नियमांत पाच वर्षांच्या चक्रात दोनदा तळ पाहायचा असतो आणि दोन पाहण्यांत ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. नौदल याला रिफिट म्हणतं: छोटा, नॉर्मल, मीडियम. अल्ट्रासॉनिक गेजने पत्र्याची जाडी घेतात. मूळ जाडीच्या २० ते २५ टक्के झीज झाली की तो पत्रा कापून नवा लावायचा. संरक्षक झिंक किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे बदलायचे. ते जसेच्या तसे शिल्लक दिसले तर खूश होऊ नका; त्यांचा सांगाड्याशी विजेचा संपर्क तुटलाय आणि गंज दुसरीकडे कुठेतरी खातोय, असा त्याचा अर्थ.

या जातीच्या जहाजात दोन जागा मात्र खास बघायच्या. एक मूनपूल, म्हणजे बेल खाली सोडायला जहाजाच्या मधोमध आरपार ठेवलेली विहीर. तिच्यात पाणी सतत घुसळतं, हवा मिसळते, बेल आणि वायर घासतात आणि रंग सगळ्यात आधी तिथला उडतो. कोपऱ्यातल्या वेल्डिंगला तडे जातात ते इथेच. दुसरी जागा म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या पाइपांची वळणं. नव्वद-दहाच्या तांबं-निकेल पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला तीन-साडेतीन मीटरच्या पुढे गेला की आतला संरक्षक थर धुपतो आणि बाहेरच्या बाकातून पाइप कागदासारखा पातळ होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. जाडी घ्यायची ती बाकाच्या बाहेरच्या अंगाला. सरळ भागाची जाडी घेऊन ‘पाइप ठीक’ असं लिहिणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नये.

आता चेंबर. हिशोब केल्याशिवाय त्याची भीती आणि आदर दोन्ही वाटत नाहीत. ६० सेंटीमीटर व्यासाच्या दारावर ३० बार दाब म्हणजे सुमारे ८६ टन जोर. ऊस भरलेले चार-पाच ट्रक त्या दारावर उभे केल्यासारखं. म्हणून दार नेहमी असं बसवतात की आतला दाबच ते जागेवर दाबून धरेल. जिथे ते शक्य नसतं, म्हणजे बेल चेंबरला जिथे जोडतात तिथे क्लॅम्प असतो, आणि त्या क्लॅम्पला इंटरलॉक असतो: मधल्या बोगद्यात दाब शिल्लक असेल तर क्लॅम्प उघडताच येऊ नये. नोव्हेंबर १९८३ मध्ये उत्तर समुद्रातल्या एका ड्रिलिंग रिगवर, चेंबर ९ वातावरणाच्या दाबाखाली असताना हा क्लॅम्प उघडला गेला. चार डायव्हर आणि बाहेरचा एक मदतनीस क्षणात गेले. त्यामुळे इंटरलॉकची पिन झिजली आहे का, गेजची छोटी नळी कचऱ्याने बंद झाली आहे का, या बारीक गोष्टी डॉकमधल्या कुठल्याही मोठ्या कामापेक्षा आधी बघायच्या. नळी तुंबली तर गेज शून्य दाखवतो आणि आत दाब असतो. इंटरलॉक त्याच नळीवर चालत असेल तर तोही फसतो.

लोकांना वाटतं चेंबर दाबाच्या चढउताराने थकून फुटेल. एरवी तसं होत नाही, कारण वर्षाला त्याला मोजकेच फेरे बसतात. चेंबर म्हातारं होतं ते घामाने. आत फरशीसारख्या उचलता येणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांच्याखाली आंघोळीचं पाणी, घाम, साबण साचतो. हवा गरम आणि दमट. हेलियम हवेच्या सहापट वेगाने उष्णता ओढतो, म्हणून आत तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, नाहीतर माणसं कुडकुडतात. गंजाला याहून चांगली जागा नाही. त्या पट्ट्या प्रत्येक डाइव्हनंतर उचलून खाली कोरडं करणारा कर्मचारीवर्ग असेल, तर चेंबर तीस वर्षंही सहज जातं. नसेल, तर दहाव्या वर्षी तळाला खड्डे पडतात आणि दाबाच्या भांड्यावर खड्डा भरून वेल्डिंग करणं म्हणजे पुन्हा मंजुरी, पुन्हा उष्णतोपचार, पुन्हा दाबचाचणी. कित्येकदा एवढ्यावरच निर्णय होतो की चेंबर ठेवायचं की नाही.

गंजाची दुसरी जागा म्हणजे चेंबरच्या भिंतीतून आरपार जाणारे जोड. भिंत साध्या पोलादाची, जोड स्टेनलेस किंवा पितळेचा, मध्ये ओलावा. बॅटरीच तयार होते ती. ओ-रिंगच्या, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कडीच्या, खाचेत फट-गंज लागतो. रिंग नवी घालतात, चाचणी पास होते, दोन महिन्यांनी पुन्हा गळती. रिंगला दोष देऊ नका. खाच स्वच्छ करून भिंगातून बघा. खाचेच्या तळाला सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतील.

खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात आणि त्यांच्यावर तारीख असते. साध्या चपट्या किंवा शंकूच्या आकाराच्या खिडकीचं आयुष्य बनवल्यापासून दहा वर्षं धरतात, मग ती वापरली असो वा गोदामात पडून असो. आणि हे नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगायचं: खिडकी स्पिरिट, ॲसिटोन किंवा थिनरने पुसायची नाही. पुसताना चकाचक दिसते, पण नंतर आत केसासारख्या बारीक रेषांचं जाळं उमटतं आणि खिडकी बाद होते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, बस. खिडकीजवळ रंगकाम करतानाही तिच्यावर झाकण घालावं, कारण रंगातल्या द्रावकाची वाफसुद्धा पुरते.

गॅसचा व्याप किती असतो? चेंबरचा आतला आकार ३० घनमीटर धरा. ३०० मीटरला न्यायचं तर ३० पट, म्हणजे ९०० घनमीटर वायू लागतो. तुमच्या शेडमधला ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर सुमारे ७ घनमीटरचा. तसे १३० सिलिंडर, तेही एकदा भरायला. हा वायू मुख्यतः हेलियम, आणि तो आपल्याला आयात करावा लागतो. म्हणून डायव्हरने सोडलेला श्वास वर ओढून, कार्बन डायऑक्साइड काढून पुन्हा वापरणारी यंत्रणा असते. ती बंद पडली तर जहाज सुरक्षित राहतं, पण प्रत्येक दिवसाचा खर्च असा वाढतो की कामच थांबवावं लागतं. तिचे पडदे आणि पिस्टन-रिंगा हे सुट्या भागांच्या यादीत सगळ्यात वर हवेत.

ऑक्सिजनचं वागणं तर फाउंड्रीवाल्याला वेगळं सांगायला नको. ३०० मीटरच्या चेंबरमधल्या वायूत ऑक्सिजन जेमतेम सव्वा टक्का असतो. दाबामुळे तेवढाच पुरतो. पण त्याची भर घालणारी लाइन शुद्ध ऑक्सिजनची असते. २५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असलेलं कुठलंही मिश्रण हाताळताना शुद्ध ऑक्सिजनच समजायचं. त्या लाइनीवर पटकन उघडणारा बॉल व्हॉल्व्ह उच्च दाबाला बसवायचा नाही. झटक्यात उघडला की पुढचा वायू एकदम दाबला जाऊन तापतो आणि आत ग्रीसचा ठिपका असला तरी पेट घेतो. तिथे हळू उघडणारा सुईचा व्हॉल्व्ह. दुरुस्तीनंतर लाइन पुन्हा ऑक्सिजनसाठी साफ केल्याचा कागद नसेल, तर लाइन चालू नाही असंच समजावं. मिडलाइफ रिफिटमध्ये नवा फिटर येतो, सवयीने धाग्यांना तेल लावतो, आणि सगळी लाइन उतरवून धुवावी लागते.

बेलचं दोनच गोष्टींत सांगतो. वायर रोप वरून तेल लावलेला, तुकतुकीत दिसतो. तो आतून गंजतो, आणि सगळ्यात आधी शेवटच्या सॉकेटजवळ (रोपाचं टोक पक्कं धरणारी ओतीव वाटी), जिथे पाणी मुरतं आणि दर लाटेला तोच भाग पुलीवर वाकतो. म्हणून ठराविक काळाने शेवटचा तुकडा कापून तो तुटेपर्यंत ओढून बघायचा आणि नवं सॉकेट ओतायचं. ड्रमवर त्यासाठी जादा लांबी ठेवलेली असते. ती लांबी संपत आली की रोपाचं आयुष्य संपलं, तो कितीही चांगला दिसो. दुसरी गोष्ट म्हणजे नाळ: गॅस, गरम पाणी, वीज, बोलणं, सगळं एकाच जाड दोरातून खाली जातं. तिच्या नळ्यांवर बनवल्याची तारीख असते आणि रबर पडून राहूनही म्हातारं होतं.

आणि त्या नाळेवर किती अवलंबून आहे ते बघा. डायव्हरच्या पाठीवर २४ लिटर मापाच्या बाटल्या, २०० बार भरलेल्या. जमिनीवर हाच साठा दोन तासांच्या आसपास पुरेल. ३०० मीटरवर मिनिटाला ४० लिटर श्वास धरला, तर पृष्ठभागाच्या मापाने तो १,२४० लिटर होतो. बाहेरच्या दाबाखाली अडकून राहणारा भाग वजा केला, तर हाती राहतात तीन मिनिटं. नाळ तुटली तर बेलपर्यंत परतायला तीन मिनिटं.

म्हणूनच डीपी, म्हणजे डायनॅमिक पोझिशनिंग, ही यंत्रणा चेंबरइतकीच महत्त्वाची. नांगर न टाकता संगणक जहाजाला एका जागी धरतो: उपग्रह, पाण्याखालचे ध्वनी-संकेत, तळाला टाकलेली ताणलेली तार यांवरून जागा बघायची आणि थ्रस्टर चालवायचे. डायव्हिंगसाठी अशी व्यवस्था हवी की कुठलाही एक चालता भाग बंद पडला तरी जागा सुटू नये. २०१२ साली उत्तर समुद्रात एका जहाजाची ही यंत्रणा खराब हवेत बंद पडली, जहाज वाहून गेलं आणि सुमारे ९० मीटरवर काम करणाऱ्या एका डायव्हरची नाळ लोखंडी सांगाड्यात अडकून तुटली. पाठीवरचा वायू संपल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास तो तसाच खाली होता आणि तरीही जिवंत वर आला. असं नशीब गृहीत धरून जहाज चालवता येत नाही. नाळेची लांबी ठरवताना डायव्हर सर्वांत जवळच्या थ्रस्टरपासून किमान पाच मीटर अलीकडेच थांबेल अशी ती बांधतात, ते याच कारणाने.

डीपीचं वय फार लवकर होतं. पोलाद तीस वर्षं टिकतं, संगणकाचं कार्ड पंधराव्या वर्षी बाजारात मिळत नाही. नियंत्रक बंद पडला की तो बनवणारी कंपनी सांगते, हे मॉडेल बंद झालं. मग एक कार्ड बदलायला गेलं तर सगळी केबल, सेन्सर, सॉफ्टवेअर, आणि त्यानंतर ‘काय बिघडलं तर काय होईल’ याचं पूर्ण विश्लेषण नव्याने, समुद्रात चाचण्यांसह. तीस वर्षांच्या आयुष्यात हे किमान दोनदा करावं लागणार असं धरून पैसे ठेवावेत. शहाणपण यात की शेवटची विक्री जाहीर होते तेव्हाच सुटे भाग उचलून ठेवायचे.

इंजिनांचंही इथे उलटं असतं. ट्रकचं इंजिन जास्त ओझ्याने झिजतं. या जहाजाची जनरेटर इंजिनं कमी ओझ्याने खराब होतात. एक बंद पडलं तर दुसऱ्याने लगेच भार उचलावा म्हणून गरजेपेक्षा जास्त इंजिनं चालू ठेवतात आणि प्रत्येकावर तीस-चाळीस टक्केच भार येतो. डिझेल पूर्ण जळत नाही, टर्बोवर काजळी, लायनरला काचेसारखी चकाकी, तेलाचा खप वाढतो. उपाय सोपा आहे: काम संपलं की एकेका इंजिनाला काही तास भरपूर भार देऊन चालवायचं. वेळापत्रकात ते लिहिलेलं नसलं की कोणी करत नाही.

एक विषय आवर्जून सांगायचा आहे, कारण जहाजाचं मूल्यमापन करताना तो मागे पडतो. आग लागली किंवा जहाज बुडायला लागलं, तर चेंबरमधल्या माणसांचं काय? त्यांना दार उघडून बाहेर काढता येत नाही. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थवर ‘समुद्र सुरक्षा’ हे डायव्हिंग सपोर्ट जहाज तेलाच्या फलाटाच्या पाइपांना धडकून भडका उडाला. २२ जणांचे प्राण गेले. जहाज सोडावं लागलं तेव्हा त्याच्या चेंबरमध्ये सहा डायव्हर दाबाखाली होते. त्यांची सुटका ३६ तासांनी झाली. नंतर ते जहाज बुडालं. हे सहा जण वाचले हे आपलं भाग्य, पण त्यावरून शिकायचं ते हे की दाबाखालची जीवनरक्षक नौका नावापुरती असून चालत नाही. चेंबरला जोडलेली, स्वतःचं इंजिन असलेली, ७२ तास श्वास पुरवणारी अशी ती नौका वर्षातून एकदा खरोखर खाली सोडून, किनाऱ्यावरच्या चेंबरला खरोखर जोडून बघायला हवी. जुनं जहाज घेताना किंवा चालू ठेवताना पहिला प्रश्न हाच विचारावा. तिच्यासाठी डेकवर जागाच नसेल, तर खोल सॅच्युरेशनसाठी त्या जहाजाचं आयुष्य संपलं असं माझं स्पष्ट मत आहे. उथळ पाण्यात ते आणखी दहा वर्षं उपयोगी पडेल, ती गोष्ट वेगळी.

वजनाचं थोडक्यात. वीस वर्षांत प्रत्येक जहाज जड होतं: रंगावर रंग, जुन्या केबल तशाच ठेवून वरून नव्या, डेकवर एक कंटेनर, मग दुसरा. सगळं वजन वरच्या बाजूला, म्हणून डोलताना सावरण्याची ताकद कमी होते. मोठ्या रिफिटनंतर वजनं सरकवून झुकाव मोजण्याची चाचणी घ्यायची आणि मेलेल्या केबल ओढून काढायच्या. हे कंटाळवाणं काम टाळलं की एक दिवस नवी यंत्रणा बसवायला परवानगीच मिळत नाही.

जहाज संपतं कसं, याची तीन उदाहरणं पुरेत. ब्रिटनचं ‘रिक्लेम’ १९४८ ते १९७९, तीन दशकं चाललं. साधं जहाज, साधी यंत्रणा. त्याच नौदलाचं ‘चॅलेंजर’ १९८४ मध्ये आलं, अत्याधुनिक आणि अतिशय खर्चिक, आणि १९९० मध्ये बाजूला ठेवलं गेलं. पुढे ते समुद्रतळावरचे हिरे काढायला वापरलं. सांगाडा ठणठणीत, पण सिस्टिमचा खर्च झेपेना. स्वीडनने १९८५ सालचं तेलक्षेत्रातलं जहाज १९९२ मध्ये घेऊन त्याचं ‘बेलोस’ केलं, साधारण आपल्या ‘निरीक्षक’सारखीच वाट. तेलक्षेत्रातलं जहाज नौदलात चांगलं टिकतं याला कारण आहे. तिथे ते वर्षभर राबतं, नौदलात कामाचे दिवस कमी. मात्र बंदरात उभं राहिल्याने रबर, थ्रस्टरचे सील आणि माणसांचा सराव, तिन्ही बिघडतात. थ्रस्टरच्या तेलाचा नमुना दर महिन्याला काढावा. तेल दुधासारखं झालं म्हणजे सीलमधून समुद्र आत आलाय.

यावरून ‘निस्तार’चा अंदाज: दहाव्या वर्षी खिडक्या आणि नाळ, पंधराव्याच्या आसपास डीपी आणि थ्रस्टर-ड्राइव्ह, विसाव्याच्या आत चेंबरच्या सगळ्या जोडांची पूर्ण उघडणी. हे वेळेवर झालं तर तीस वर्षं अवघड नाहीत. यातली एक पायरी पुढे ढकलली, तर पुढची दोन एकदम अंगावर येतात.

आता तुमच्या फाउंड्रीबद्दल. कोल्हापूरचा हात बिडाच्या आणि एसजी आयर्नच्या ओतकामावर बसलेला आहे. समुद्राच्या पाण्याच्या व्हॉल्व्हसाठी मागणी असते गनमेटलची (तांबं-कथिलाचा मिश्रधातू) आणि निकेल-ॲल्युमिनियम ब्रॉन्झची. या ब्रॉन्झमध्ये सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम, निकेल आणि लोखंड प्रत्येकी चार ते पाच टक्के, थोडं मँगनीज, बाकी तांबं. साधं पितळ चालत नाही. त्यातलं जस्त समुद्र खाऊन टाकतो आणि मागे स्पंजासारखं तांबं उरतं.

ब्रॉन्झ ओतताना बिडाची सवय आड येते. या धातूवर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची साय क्षणात धरते. वरून धबाधबा ओतलं की ती साय घडी पडून आत जाते आणि मशीनिंग झाल्यावर बारीक काळी रेघ म्हणून दिसते. तीच पुढे गळते. खालून, शांत भरणारी गेटिंग (साच्यात धातू नेणारी वाट) करा, सिरॅमिक फिल्टर लावा, आणि जाड-बारीक जोडावर पुरेसा रायझर (आकसताना धातू पुरवणारा साठा) द्या, कारण हा धातू गोठताना चांगलाच आकसतो. ओतल्यानंतर किंवा दुरुस्तीच्या वेल्डिंगनंतर ६७५ अंशांवर सहा तास ठेवून हवेत थंड करायचा उपचार मागितला जातो. तो टाळला तर त्यातला एक घटक समुद्राच्या पाण्यात निवडून खाल्ला जातो, आणि बाहेरून व्हॉल्व्ह धडधाकट दिसत राहतो.

चाचणीत फसगत होते ती अशी: व्हॉल्व्हची बॉडी दीडपट दाबाला पाण्याने तपासली, थेंब आला नाही, पास. तीच बॉडी गॅसच्या लाइनीवर गेली की हेलियम आरामात बाहेर येतो. पाण्याला जी सच्छिद्रता अडवते ती हेलियमला अडवत नाही. त्यामुळे चौकशीचा कागद हातात आला की आधी एकच ओळ शोधा, चाचणी पाण्याची आहे की वायूची. वायूची असेल तर दर त्याप्रमाणे लावा आणि पहिल्या पाच नगांचे काप काढून आतली सच्छिद्रता स्वतः बघा.

सुरुवात चेंबरच्या भागांपासून करू नका. समुद्राच्या पाण्याच्या, आग विझवण्याच्या लाइनीच्या व्हॉल्व्हपासून करा. ‘निस्तार’ इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या वर्ग संस्थेच्या नियमांप्रमाणे बांधलं आहे, तेव्हा त्यांच्या मान्यतेची प्रक्रिया आधी समजून घ्या. त्यात धातूइतकंच वजन कागदाला आहे: प्रत्येक नगावर हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), त्या हीटचं रासायनिक विश्लेषण, त्याच हीटच्या चाचणी-पट्टीची ओढशक्ती, भट्टीचा तापमान-आलेख, आणि साक्षीदार तपासनीसाचा शिक्का. हीट नंबर ओतताना अक्षरांनी उठवा, नंतर पंचाने ठोकू नका. मशीनिंगमध्ये पंचाचा नंबर उडाला की उत्तम नगही भंगारात जातो.